घोड्याच्या घरात गेलेलं प्यादं

आमच्या घरात बुद्धिबळाचे दोन खेळ होते. एक बाहेरचा आणि एक आबांचा. बाहेरचा मी शाळेत शिकले. त्यात कप मिळायचे, पेपरात बोटभर बातमी यायची. आबांचा खेळ त्याच्याही आधी शिकले होते आणि त्यात काहीच मिळायचं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक मला अजून विचारतात, ‘एवढी चांगली खेळायचीस, मग सोडलंस का गं?’ त्या प्रश्नाचा असा संताप येतो की विचारणाऱ्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटतो. सोडलं म्हणे! असं कुणी हौसेनं सोडतं का?

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मूळ गाव खंडाळा तालुक्यातलं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आबा लहान असताना गावच्या देवळापुढच्या पारावर म्हातारी माणसं दुपारची पट मांडून बसायची. आबांना त्या पारावर चढायची सोय नव्हती. वस्तीतल्या पोरानं पाराला पाय लावला असता तर सगळा गाव गोळा झाला असता. मग शेरडं चारता चारता ते लांब उभे राहायचे आणि तिथून बघायचे. हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, घोडा अडीच घरं जातो, यातलं एक अक्षरसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नाही. सगळं नुसतं बघून उचललं. पुढं आमच्या घरानं धम्म घेतला, गाव सुटलं, आबा साताऱ्यात नोकरीला लागले. गावाकडचं दुसरं काही त्यांनी फारसं बरोबर आणलं नाही. तो खेळ मात्र आणला. ‘ह्यो मला कुनी दिल्याला न्हाई,’ म्हणायचे, ‘ह्यो मी घेतलाय.’ एरवी मोठेपणाची गोष्ट माझ्या बापाच्या तोंडून कधी निघायची नाही. ही एवढीच.

तर तो पारावरचा खेळ म्हणजे देशी खेळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. राजा अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारतो. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे, प्यादं मरतमरत पलीकडच्या टोकाला पोचलं, तर ते ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. बाहेरच्या खेळात तसं नाही. तिथं प्यादं कुठूनही पोचू दे, तुम्ही त्याचा वजीर करू शकता. वजीर हे पटावरचं सगळ्यात ताकदवान मोहरं, त्यामुळं डोकं ठिकाणावर असलेला माणूस वजीरच घेतो.

शाळेत हे शिकून आले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात आबांना सांगायला गेले. ते हात धूत होते. ग्रीस नखात बसलेलं, रॉकेलनं चोळून काढायचे.

‘फुकटात वजीर?’ ते म्हणाले. ‘ते कसं हुईल? ज्या वाटंनं गेलं, तेच हुनार की.’

‘आवं आबा, सगळं जग तसं खेळतंय.’

‘मग जगाला खेळू दे. आपन आपलं खेळू.’

हट्टी माणूस! आणि मी त्यांचीच लेक. शाळेत, स्पर्धेत मी जगासारखी खेळायची. संध्याकाळी घरी आबांसारखी. दिवसभर गाड्यांखाली पडून आलेला माणूस घरात शब्द काढायचा नाही. आईशी नाही, माझ्या भावाशी नाही. पट मांडला की मात्र त्यांना कंठ फुटायचा. ‘ये गं, आज तुज्या हत्तीला कोंडतो बग.’ ‘आगं घोडं सांभाळ, घोडं!’ मला वाटतं, मी त्या बोलण्यासाठी खेळायची. बाहेरचे कप वगैरे नंतरचे.

आमचे खेळाचे सर मला नेहमी सांगायचे, ‘घरी वडिलांबरोबर खेळू नकोस. दोन्हीकडचे नियम डोक्यात राहिले की हात बिघडतो.’ मी हो म्हणायची आणि संध्याकाळी पट मांडायची. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं. कॉलेज संपेपर्यंत मी कितीतरी स्पर्धा खेळले, साताऱ्यात, कराडला, एकदा पुण्याला. प्यादी पोचवली, प्रत्येक वेळी वजीर घेतला. हात कधी चुकला नाही. तो घरी वेगळा असायचा, बाहेर वेगळा. सून सासरी एक बोलते आणि माहेरी एक, त्यात गोंधळ होतो का कधी? तसंच ते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. माझं बी.ए. झालं होतं, टायपिंगची परीक्षा झाली होती आणि मी घरी बसले होते. अर्ज करून करून कंटाळा आला होता. साताऱ्यातल्या एका स्पर्धेला एका सरकारी कंपनीतले साहेब बक्षीस द्यायला आले होते. त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्याकडं खेळाडूंच्या कोट्यातून एक जागा निघणार आहे, बाईमाणूस चालेल, पण राज्याच्या संघात नाव हवं. ‘नाव आलं की मुलीला अर्ज घेऊन पाठवा.’ आणि राज्याच्या महिला संघाची निवड होणार होती सांगलीच्या स्पर्धेतून. पहिल्या तिघी संघात.

झालं. आमच्या घरात त्या दिवसापासून दुसरा विषय नाही. आई शेजारणीला सांगायची, ‘सांगलीस्नं आली की लागलीच म्हना नोकरीला.’ मी ओरडायची, ‘आई, तोंड आवर, अजून कशात काय नाही!’ आबांच्या नोकरीचं थोडंच राहिलं होतं आणि त्यांची कंबर गेलेली. भावाचं शिक्षण राहिलेलं. ती नोकरी मला मिळणं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पण मला ती त्याहूनही माझ्यासाठी हवी होती. सकाळी साडी नेसून, पर्स घेऊन, माझ्या खेळानं मिळवलेल्या खुर्चीवर जाऊन बसायचं होतं. लय वाटायचं.

मे महिन्यात सांगलीला गेले. मावशीचं घर मार्केट यार्डाच्या बाजूला होतं, तिथं उतरले. घरभर हळदीचा वास. मावशी म्हणायची, ‘आमाला न्हाई बाई येत वास.’ स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मुलींच्या रांगा, लाकडी टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन तोंडांचं घड्याळ. आपली चाल झाली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं, मग समोरचीचं घड्याळ चालू. वेळ संपत आली की काटा एक छोटी लाल झेंडी वर उचलतो, आणि वेळ संपली की ती झेंडी खाली पडते. पडली की डाव गेला. सांगलीकरांना खेळाचं वेड भारी. कामावरून सुटलेली माणसं पिशव्या हातात घेऊन दोरीपलीकडं तासन्‌तास उभी राहायची, आणि खोकलासुद्धा रुमालात.

मी चांगली खेळले. स्वतःच्या तोंडानं सांगते, फारच चांगली खेळले. मुंबई-पुण्याच्या पोरी होत्या, त्यांच्याबरोबर शिकवणारे होते, पुस्तकांच्या बॅगा होत्या. माझ्याबरोबर मावशीनं दिलेला चपातीचा डबा. तरी एकेक करून मी पुढं सरकत होते. शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी तक्ता लागला तेव्हा हिशेब अगदी उघडा होता. शेवटचा डाव जिंकला तर मी तिसरी, संघात. बरोबरीत सुटला तर चौथी. चौथीला कोण विचारतं?

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून वर्कशॉपला फोन लावला. आबांना बोलवून घेतलं आणि सगळं सांगितलं. ते नुसते ‘बरं, बरं’ म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, ‘मी येतू उद्या.’

मी म्हणाले, ‘आवं कशाला? उन्हाचं?’

‘येतू. तुला कवा बगितलंय मी तिकडं खेळताना?’

खरं होतं. एवढ्या वर्षांत आबा एकाही स्पर्धेला आले नव्हते. रजा मिळायची नाही, मिळाली तर गावाकडं काही ना काही निघायचं. मला इतका आनंद झाला की मावशीच्या घरी जाईपर्यंत मी रस्त्यात एकटीच हसत होते. 

पहाटेची गाडी धरून आबा आले. इस्त्रीचा शर्ट, पायात वर्कशॉपचे बूट, आणि पिशवीत आईनं दिलेल्या भाकऱ्या, ठेचा. हॉलमध्ये येऊन दोरीपाशी उभे राहिले. मी जवळ जाऊन म्हणाले, ‘आबा, तिकडं खुर्च्या आहेत, बसा. इथनं नीट दिसायचं नाही.’

‘दिसतंय,’ ते म्हणाले. ‘लांबनं बगायची सवय हाय मला.’

समोर बसायला आलेली मुलगी जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. पुण्याची. दोन वेण्या, पांढरे बूट, आई मागं थर्मास घेऊन बसलेली. तिला हरली काय, जिंकली काय, काही फरक पडणार नव्हता. तक्त्यात ती आधीच खाली गेली होती. पण खेळायला कजाग. लहान पोरं हरायला घाबरत नाहीत, म्हणून ती वाईट. मी पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसले होते. सुरुवातीलाच तिनं माझा वजीर तिच्या वजिराला देऊन टाकायला लावला, मग एक घोडाही गेला. नंतर तासभर आम्ही दोघी एकेक दाणा वेचावा तसं खेळत होतो. मध्येच लाइट गेली. पंखे थांबले. खिडक्या उघडल्या तर बाहेरची झळ आत. माझ्या तळहाताला इतका घाम, की सोंगटी धरण्याआधी मी हात पदराला पुसत होते.

शेवटी मी तिला कोंडीत पकडली. तिचा एकच उंट राहिला होता आणि माझी दोन प्यादी आत घुसली होती. एक अडवायला तिला उंट द्यावा लागला. आता तिच्याकडं नुसता राजा. माझ्याकडं राजा, एक घोडा आणि एक प्यादं. ते प्यादं घोड्याच्या रांगेत होतं, शेवटच्या घरापासून एक पाऊल अलीकडं. तिचा राजा लांब पडलेला. पुढं काही शिल्लकच नव्हतं. प्यादं सरकवायचं, वजीर मांडायचा, आणि मग मात करायला लहान मूलही पुरे. माझ्या घड्याळात वेळ थोडा होता, पण तेवढ्यात होण्यासारखं होतं. त्या पोरीलाही कळलं होतं. ती हार कबूल न करता बसली होती ती माझी झेंडी पडते का बघत.

मी वर बघितलं. का बघितलं माहीत नाही. टेबलांच्या पलीकडं, बरोबर माझ्या समोर आबा उभे होते. दोरीला हात न लावता, पिशवी छातीशी धरून. त्यांचे डोळे पटावर होते आणि ओठ हलत होते. घरी माझी चाल असायची तेव्हा ते अगदी असेच ओठ हलवायचे. मला एकदम शांत वाटलं. हॉल, घड्याळ, ती पोरगी, सगळं बाजूला पडलं. मी घरी होते. आबांसमोर पट मांडून बसले होते आणि माझं प्यादं पोचत होतं.

मी प्यादं सरकवलं. ते उचललं. पटाशेजारी तिनं मारलेल्या माझ्या सोंगट्या पडल्या होत्या. त्यांत वजीर होता. घोडाही होता. माझ्या हातानं घोडा उचलला, घोड्याच्या घरात ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

आणि मला इतकं बरोबर वाटलं! हेच लोकांना समजावून सांगता येत नाही. चूक करताना माणसाला चूक केल्यासारखं वाटत नाही. मला वाटलं, झालं, घरी पोचले.

मग मी त्या पोरीचा चेहरा बघितला. तिचं घड्याळ चालू होतं आणि ती चाल करत नव्हती. ती घोड्याकडं बघत होती. मग माझ्याकडं. मग परत घोड्याकडं. तिच्या मागं बसलेली तिची आई उठून उभी राहिली. शेजारच्या टेबलावरच्या दोघी आपला डाव सोडून वळून बघायला लागल्या. आणि मग मी पटाकडं नीट बघितलं. दोन घोडे आणि राजा, समोर नुसता राजा. त्यानं मात होत नाही. समोरचीनं मुद्दाम मान पुढं केल्याशिवाय होतच नाही. पोरींना पहिल्या वर्षी शिकवतात हे. मला तर झोपेतसुद्धा पाठ होतं.

त्या शांततेत दोरीपलीकडून आवाज आला, ‘शाबास!’

आबा. चेहरा सगळा फुललेला. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या लेकीनं घोड्याच्या घरात घोडा केला होता. शेजारच्या माणसाला ते हातानं दाखवत होते, दोन, दोन घोडी झाली आता. पंचांनी बोट ओठावर ठेवून त्यांना गप्प केलं. आबांनी चटकन हात जोडले, चुकलं म्हणून. पण हसू जाईना. आणि शेजारचा माणूस, तो खेळ जाणणारा असावा, आबांकडं न बघता थोडा बाजूला सरकला.

मला तिथंच मरून जावंसं वाटलं. डाव गेला म्हणून नव्हे. ते हसू बघून.

ठेवलेलं मोहरं बदलता येत नाही. पुढं मी वेड्यासारखी घोडे नाचवत राहिले. त्या पोरीचा राजा मधल्या घरात निवांत फिरत होता. मग माझी झेंडी पडली. तिच्याकडं नुसता राजा, त्यानं मात होऊच शकत नाही, म्हणून हार धरली नाही. बरोबरी. कागदावर सह्या करताना ती पोरगी हळूच म्हणाली, ‘ताई, तुम्ही वजीर का नाही घेतला?’ थोबाडीत द्यावीशी वाटली. तिचा काय दोष? तिला खरंच कळलं नव्हतं. ‘चुकून,’ मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आले तर आबा पंचांना गाठून उभे होते. मी पोचेपर्यंत त्यांनी विचारायला सुरुवातही केली होती.

‘सायेब, दोन घोडी हायत पोरीची, आन्‌ समोर येकला राजा. मग बरुबरी कशी?’

पंच भला माणूस होता. वैतागला नाही. ‘बाबा, दोन घोड्यांनी मात होत नाही. तिनं वजीर घ्यायला हवा होता.’

‘पर प्यादं घोड्याच्या घरात गेल्यालं.’

‘कुठंही जाऊ दे की. वजीरच घ्यायचा असतो.’ मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसले. ‘अच्छा, तुम्ही देशी म्हणताय होय! अहो, तो खेळ आता कोण खेळतं? तो कधीच संपला.’

ते गेले. आबा तसेच उभे. मग त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं ते मी बघत होते. इतक्या संध्याकाळी, इतके डाव, माझा हात कुणी घडवला, सगळं त्यांना तिथं त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या कळलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘भाकरी खातीस का?’ एवढंच म्हणाले.

बक्षीस समारंभाला आम्ही थांबलो नाही. मावशीच्या घरून सामान घेतलं आणि दुपारची सातारा गाडी धरली. इस्लामपूर येईपर्यंत आबा खिडकीबाहेर बघत होते. कराडच्या स्टँडवर उतरले, माझ्यासाठी चहा घेऊन आले, स्वतः प्याले नाहीत. मी म्हणाले, ‘आबा, असं होतं कधी कधी. मोठमोठे चुकतात.’ त्यांनी मान हलवली. माझ्या मनात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. राग होता, भरपूर होता. पण तो कुणावर काढायचा? आपल्याच हातावर का कुणी ओरडतं?

घरी आई दारातच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, ‘घड्याळ लबाड निगालं. पोरगी जिकलीच हुती.’ आईनं घड्याळाला शिव्या घातल्या, सांगलीला घातल्या, आणि मीठ-मोहरीनं माझी दृष्ट काढते म्हणाली. आम्ही तसलं काही मानत नव्हतो, पण आबांनी त्या दिवशी तिला अडवलं नाही.

ती जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. साताऱ्याचीच होती, रस्त्यात भेटायची, पर्स घेऊन. चांगली मुलगी होती. मी पुढं एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. आबा रिटायर झाले, भावानं शिक्षण अर्ध्यावर सोडून रिक्षा घेतली. सर म्हणाले, पुढच्या वर्षी परत निवड आहे, तयारी कर. मी हो म्हणाले. मला खरंच परत खेळायचं होतं, हे कुणाला खरं वाटत नाही.

सांगलीहून आल्यावर आठवड्याभरानं संध्याकाळी मी पट मांडला. सोंगट्या लावल्या. आबा हात पुसत आले, बघितलं आणि म्हणाले, ‘आज कंबर दुखतीया.’ दुसऱ्या दिवशी म्हणाले, डोळे चुरचुरतात. मग मी म्हणाले, ‘आबा, बाहेरच्या नियमानं खेळू. मी शिकवते तुम्हाला. सोपं आहे.’ ते म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे.’ मी चिडले. ‘चूक माझी होती! वजीर माझ्यासमोर पडला होता, मीच उचलला नाही. तुमचा काय संबंध?’

‘तू न्हाई उचललास,’ ते म्हणाले, ‘कारन म्या तुला कवाच उचलू दिला न्हाई.’

आणि उठून बाहेर गेले. त्यानंतर त्यांचं बोलणंच बंद झालं म्हटलं तरी चालेल. जेवायला वाढ, दार लाव, एवढंच. त्यांच्या आवाजाशिवाय मला पटावर बसवेना. सरांनी पुस्तकं आणून दिली, मी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळून बघितलं. प्यादं टोकाला पोचायच्या वेळी हात थांबायचा. दर वेळी थांबायचा. निवडीच्या स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा मी गेले नाही. काही कारण सांगितलं असेल सरांना, आठवत नाही.

शेजारच्या गल्लीत एक रिटायर्ड कंपाउंडर राहायचे. आबांच्या जवळचे म्हणता येतील असे ते एकटेच. कित्येक वर्षं रविवारी दोघं समाजमंदिराच्या पायरीवर डाव टाकायचे. ते बरेच दिवस मुलाकडं मुंबईला होते. परत आले ते सरळ पट काखेत मारूनच आमच्या घरी. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, सगळं ऐकू येत होतं.

‘आवं, चला की पायरीवर,’ ते म्हणाले. ‘किती दिस झालं, हात शिवशिवायला लागल्यात.’

आबा म्हणाले, ‘मला येत न्हाई त्यातलं काय.’

कंपाउंडर मोठ्यानं हसले. ‘घ्या! येत न्हाई म्हनं! आवं आबा, मला हा खेळ तुमीच शिकिवलाय की.’

‘व्हय? मग चुकीचं शिकिवलं आसंल,’ आबा म्हणाले. ‘इसरा ते.’

कंपाउंडर पुन्हा हसले. त्यांना वाटलं, आबा थट्टा करतायत. मी कणकेचे हात तसेच घेऊन दारात आले, तर आबा त्यांच्यासाठी माठातलं पाणी काढत होते.